चुकणारा ठोका

यंत्रविद्येवर बोलण्याचा अधिकार माझ्या अंगीं आहे असें मी समजत नाहीं. १९७४ सालीं जुन्या पद्धतीची अकरावी, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, उत्तीर्ण होऊन मी शिक्षकी पेशांत शिरलों, आणि सेवानिवृत्त होईपर्यंत खडूपेक्षां अवजड असें अवजार माझ्या हातीं फारसें आलें नाहीं. तथापि एका जुन्या मोटारीनें २०१८ च्या पावसाळ्यापासून पुढें आठ-नऊ महिने मला विद्यार्थ्याच्या बांकावर बसविलें. तेथें मी जें शिकलों तें, ज्यांच्या दारांत अद्यापि अशी एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांच्या उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून मीं हें भाषण करण्याचें पत्करलें आहे.

ही गाडी माझ्या थोरल्या बंधूंची. १९८४ सालची अँबॅसडर. बंधु २०१६ सालीं वारले आणि गाडी माझ्याकडे आली, ती माझ्या हौसेनें नव्हे, तर वहिनींच्या आग्रहानें. वहिनींना डोळ्यांच्या उपचारासाठीं दर महिन्यास साताऱ्याहून पुण्यास जावें लागे. अंतर सुमारें ११० किलोमीटर. बसमध्यें चढण्याउतरण्याचें त्यांचें वय राहिलें नव्हतें. आणि ज्या गाडींतून त्या तीस वर्षें पतीच्या शेजारीं बसून हिंडल्या, ती सोडून भाड्याच्या गाडीनें जाणें त्यांच्या मनाला रुचत नव्हतें. मुलें परगांवीं. तीं दूरध्वनीवरून सांगत, "काका, ती मोडींत घाला." मी हो ना करीत दिवस काढीत होतों.

अशांत ऑगस्टमध्यें एके दिवशीं पुण्याहून परततांना शिरवळच्या अलीकडे, रस्ता सपाट, ऊन स्वच्छ, गाडी आपल्या संथ चालीनें चाललेली, आणि एकाएकीं एक गचका बसला. मग दुसरा. मग ओळीनें तीनचार. सायलेन्सरमधून फट्‌ असा बंदुकीसारखा आवाज निघाला आणि क्षणभर इंजिन मुळीं बंदच पडल्यासारखें झालें. मागून एक मोठी मालमोटार अगदीं अंगावर आली होती; तिच्या भोंग्यानें वहिनींनीं माझा दंड घट्ट धरला. मीं घाबरून पाय दाबला, तों गाडी जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी धांवूं लागली. घरीं येईपर्यंत आणखी दोनदां असेंच झालें. वहिनी एक शब्द बोलल्या नाहींत. परंतु पुढच्या खेपेस निघतांना त्यांनीं देवापुढें नेहमीपेक्षां अधिक वेळ हात जोडले, हें माझ्या लक्षांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

गाड्या दुरुस्त करणारे कारागीर या दोषाला 'मिसिंग' म्हणतात. तो सदैव असेल तर शोधणें सोपें असतें. कठीण असतें तें अधूनमधून होणारें मिसिंग. वर्गांत गुरुजींची पाठ वळली कीं शीळ घालणारा एक मुलगा असतो. गुरुजी वळून पाहतात तों सर्वांचीं मुखें सारखींच निष्पाप. हा दोष त्या मुलाच्या जातीचा.

तो समजण्यासाठीं इंजिनाच्या आंत काय घडतें हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. चार सिलिंडरांत पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण पेटविण्यास ठिणगी लागते. बॅटरी असते बारा व्होल्टची. तेवढ्या दाबानें प्लगच्या टोंकांमधील अर्ध्याअधिक मिलिमीटरचें अंतर ओलांडून ठिणगी उडी घेत नाहीं. म्हणून बॅटरीचा प्रवाह प्रथम कॉइलमधील जाड तारेच्या वेटोळ्यांतून सोडतात आणि मग एकाएकीं तोडतात. तो तुटतांच कॉइलमधील बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो, आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालीं फिरणारा रोटर तो १, ३, ४, २ या क्रमानें एकेका प्लगला वांटतो. प्रवाह जोडण्याचें व तोडण्याचें काम डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटच्या जोडीकडे असतें. ही जोडी पूर्ण उघडली तरी मध्यें अंतर किती, तर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. बॅटरीवरची ही युक्ति अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या सुमारास ती मोटारींत आली, आणि पुढें साठ-सत्तर वर्षें जगांतील पेट्रोलच्या बहुतेक गाड्या तिच्याच जिवावर धांवल्या. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर मिनिटास ६००० ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदास शंभर. त्यांतली एखादी चुकली तर कळतहि नाहीं. ओळीनें दहावीस चुकल्या कीं गचका बसतो, आणि न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरमध्यें जाऊन तेथें पेटतें. तोच तो फट्‌ आवाज.

आमच्या गांवांत गॅरेज चालविणारा एक गृहस्थ माझा जुना विद्यार्थी आहे. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्याच्याकडे गाडी नेली. त्यानें विचारलें, "गुरुजी, मिसिंग केव्हां होतें?" मीं सांगितलें, "केव्हांहि होतें. चढावर गाडी ओढत नाहीं." श्रोतेहो, हें माझें उत्तर लक्षांत ठेवा. तें मीं पाहून दिलें नव्हतें. इंजिन थकतें तें चढावर, या सर्वांच्या समजुतीवरून मीं तें ठोकून दिलें होतें.

त्यानें इंजिन सुरू केलें. शिवणयंत्रासारखा एकसारखा ठोका! एक्सिलरेटर दाबून आवाज चढविला, उतरविला, कांहीं नाहीं. तरीहि माझ्या सांगण्यावर विसंबून त्यानें चारी प्लग नवे घातले. पंधरा दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हां अडखळली. मग पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. मग कॉइल. मग कार्बुरेटर उतरवून जेटमधला कचरा फुंकून काढला, पेट्रोलची गाळणी बदलली. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर आणि प्लगच्या केबली. प्रत्येक वेळीं चार-आठ दिवस गुण आल्यासारखें वाटे, कारण हा दोष मुळांतच चार-आठ दिवस दडी मारणारा. आणि प्रत्येक वेळीं मी समाधानानें पैसे देऊन येई. जानेवारीपर्यंत साडेनऊ हजार रुपये खर्च झाले होते. एका निवृत्त शिक्षकाला ही रक्कम लहान नव्हे.

त्यानंतर जें घडलें तें सांगण्यास मला संकोच वाटतो. दहाबारा गिऱ्हाइकें उभीं असतां मी त्याला म्हणालों, "तूं सामान बदलतोस कीं नुसतें बिल बदलतोस?" तो खालीं पाहून हात पुशीत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, दुखणें माझ्यासमोर आल्याशिवाय मी औषध कशावर देऊं?" मी रागानें गाडी घेऊन निघून आलों. वाटेंत ती एकदांहि अडखळली नाहीं, याचाहि मला रागच आला.

त्या दिवशीं सायंकाळीं वहिनींनीं हकीकत ऐकून घेतली आणि विचारलें, "भाऊजी, पण गाडी नक्की अडखळते तरी कुठें कुठें?" मला सांगतां येईना. पांच महिने ज्या दुखण्यानें मी हैराण झालों होतों, त्याचें एकहि टिपण माझ्यापाशीं नव्हतें. जन्मभर मुलांना प्रयोगाच्या वहींत आधीं निरीक्षण आणि मग अनुमान असें लिहावयास लावणारा मी, आणि स्वतः अनुमानापासून आरंभ केला होता!

घरांत एक कोरी हजेरीवही पडलेली होती. तिच्यांत आम्हीं रकाने आंखले: वेळ, ठिकाण, वेग, रस्ता सपाट कीं चढाचा, पाय किती दाबलेला, इंजिन किती वेळ तापलेलें, ऊन कीं गारवा, टाकींत पेट्रोल किती. मी गाडी हांकावयाची आणि वहिनींनीं शेजारीं बसून लिहावयाचें असें ठरलें. त्यांना एकाच डोळ्यानें नीट दिसे. म्हणून अक्षरें पहिलीच्या पाटीवरच्यासारखीं मोठीं आहेत. ती वही मीं अजून ठेवली आहे.

या रकान्यांना अर्थ आहे, आणि तो कोणत्याहि जुन्या गाडीस लागू पडणारा आहे, म्हणून त्यावर थोडें अधिक बोलतों. पावसाळी दमट सकाळीं गाडी अडखळत असेल आणि ऊन झाल्यावर सुधारत असेल, तर संशय केबलींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर घ्यावा. टोपीला केसासारखी चीर असली कीं ओल धरून ठिणगी भलत्याच वाटेनें पळते. रात्रीं अंधारांत बॉनेट उघडून इंजिन चालूं ठेवलें तर कधीं कधीं ही पळणारी ठिणगी निळसर दिसते. मात्र त्या वेळीं कशालाहि हात लावूं नये. चढावर, पाय खोल दाबला असतां अडखळत असेल, तर सिलिंडरांतील दाब वाढल्यानें ठिणगीला उडी घेणें जड जात आहे, म्हणजे प्लग किंवा कॉइल दुबळी आहे. नाहींतर पेट्रोल पुरें पडत नाहीं. तासभर तापल्यावरच अडखळत असेल तर कॉइल आणि कंडेन्सर पाहावे. केवळ उभ्या गाडीचें इंजिन हळू चालतांना कांपत असेल तर वाल्व्ह तपासावे, किंवा कोठून तरी जादा हवा आंत शिरते काय तें पाहावें.

शिवाय अडखळण्याची रीतहि बोलकी असते. पेट्रोल कमी पडलें कीं गाडी हळूहळू मलूल होते, दिव्यांतलें तेल सरत यावें तशी. वीज तुटली कीं बटण दाबून दिवा मालवावा आणि पुन्हां लावावा तसा धक्का बसतो. एकाच सिलिंडरचा दोष असेल तर ठोक्यांत ठराविक अंतरानें खंड पडतो. चारीहि एकदम गप्प झालीं तर दोष चारींच्या सामाईक वाटेवर, म्हणजे कॉइल, पॉइंट आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांच्यांत शोधावा. पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर एक सांगतों: पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं देशभर २० टक्क्यांवर गेलें. अशा पेट्रोलाची कल्पना नसतां बनविलेल्या गाड्यांतील रबरी नळ्या त्यानें फुगतात किंवा मऊ पडतात. चाळीस वर्षांपूर्वींच्या गाडीच्या मालकानें त्या एकदां डोळ्यांखालून घालाव्या.

फेब्रुवारी आणि मार्च २०१९ मध्यें आम्हीं पुण्याच्या दोन खेपा केल्या, आणि मध्यंतरीं वाईपर्यंत एकदां मुद्दाम जाऊन आलों. वहींत एकवीस नोंदी झाल्या. दुसऱ्या खेपेंत परततांना शिरवळ आणि खंडाळा यांच्या दरम्यान गाडी चारदां अडखळली. मग खंबाटकीचा घाट लागला. पुण्याहून येणारी वाहनें तो घाट चढून येत. साताऱ्याहून जाणारीं बोगद्यांतून जात. मी जीव मुठींत धरून चढूं लागलों, आणि गाडी एखाद्या तरण्या घोड्यासारखी चढून गेली. घाट उतरून सुरूरची सपाटी येतांच पुन्हां गचके. वहिनी पेन्सिल थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या खेपेलाहि घाटांत कांहीं लिहायला लागलें नव्हतें. पानें चाळून पाहा." मी भुइंजजवळ गाडी बाजूला घेऊन पानें चाळलीं. एकवीस नोंदींत चढावरची एकहि नव्हती. साऱ्या सपाटीवरच्या, साऱ्या निदान पाऊण तास गाडी चालल्यानंतरच्या, आणि साऱ्या पाय हलका असतांनाच्या. शिरवळजवळ पहिल्या दिवशीं घाबरून पाय दाबतांच गाडी सुधारली होती, तेंहि तेव्हां आठवलें.

म्हणजे मीं कारागिराला जें सांगितलें होतें, त्याच्या नेमकें उलट सत्य होतें. तो बिचारा माझ्या खोट्या साक्षीवरून प्लग, कॉइल आणि जेट या मार्गानें गेला. चढावर न ओढणाऱ्या गाडीला तोच मार्ग योग्य होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी वही घेऊन गॅरेजमध्यें गेलों. त्यानें मला बसावयास स्टूल दिलें, पण बोलला नाहीं. वही मात्र त्यानें पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचून झाल्यावर त्याचा चेहरा बदलला. "गुरुजी, चढावर बरी आणि सपाटीवर वाईट? मग हें व्हॅक्यूमवर जातें," असें तो म्हणाला आणि त्यानें मला जें समजावून सांगितलें तें असें.

इंजिनावर भार हलका असतो तेव्हां सिलिंडरांत मिश्रण विरळ असतें आणि तें सावकाश जळतें. म्हणून ठिणगी थोडी आधीं पडावी लागते. त्यासाठीं कार्बुरेटरपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत एक बारीक नळी असते. पाय हलका असला कीं कार्बुरेटरकडील ओढ या नळींतून एका पडद्याला खेंचते, आणि पडद्याला जोडलेली, पॉइंट जिच्यावर बसविले आहेत ती तबकडी किंचित् फिरते. पाय खोल दाबला कीं ओढ नाहींशी होते आणि स्प्रिंगमुळें तबकडी परत मूळ जागीं येते. उभ्या गाडींत इंजिन हळू चालतांनाहि या नळीला ओढ मिळत नाहीं. म्हणजे घाटांत आणि गॅरेजमध्यें तबकडी आपल्या मूळ जागीं असते. सपाटीवर ती फिरलेली असते. एक्सिलरेटर मारला तर गॅरेजमध्येंहि ती क्षणभर फिरत असणार. पण गाडी त्याच्यापुढें येई ती घरून पांच मिनिटांत, इंजिन गार असतां, आणि दोष तर तापल्यावरचा.

"मग तो व्हॅक्यूमचा डबाच बदल," असें मी म्हणालों. माझी खोड एवढ्यांत जाते थोडीच! तो हंसला. "आतां कांहीं बदलायचें नाहीं, गुरुजी. आधीं बघायचें."

त्यानें नळी काढली, कार्बुरेटरकडील तोंड रबरी बूच लावून बंद केलें, कारण तें उघडें राहिलें तर जादा हवा आंत शिरते, आणि आम्ही दोघे भुइंजच्याहि पलीकडे जाऊन परत आलों. दीड तासांत एक गचका नाहीं. परत नळी जोडली आणि पुन्हां निघालों. सहाव्या किलोमीटरला गाडी अडखळली. गाडी अडखळल्याचा आनंद मला आयुष्यांत त्या एकदांच झाला.

गॅरेजमध्यें परतल्यावर इंजिन तापलेलें असतांच त्यानें डिस्ट्रिब्युटरच्या त्या डब्याला एक स्वच्छ रबरी नळी जोडली, तिचें दुसरें टोंक माझ्या हातीं दिलें आणि म्हणाला, "ओढा." प्रयोगशाळेंत पिपेट ओढावी तसा मीं तोंडानें श्वास ओढला. निरोगी इंजिनाचा वेग अशा वेळीं किंचित् वाढतो. आमचें इंजिन दोन वेळां खोकललें आणि गप्प झालें. पुन्हां सुरू केलें, पुन्हां ओढलें, पुन्हां गप्प. तिसऱ्यांदां त्यानें कॉइलच्या केबलीला टायमिंग लाइट लावून पाहिला; मी ओढतांच त्याचें लुकलुकणें थांबे. मग त्यानें इंजिन बंद ठेवून मला ओढून जीभ नळीवर दाबून धरावयास सांगितलें. जीभ चिकटून राहिली. म्हणजे पडदा कोठें फाटलेला नव्हता, आणि मी सुचविलेला डबा अगदीं निर्दोष होता. त्याचेहि पैसे मी फुकट घालविणार होतों!

मग टोपी काढली. पॉइंटपासून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या जोडापर्यंत एक लहानशी तार असते, बोटभरहि नाहीं. तबकडी फिरते तशी ती वांकते. वरून पाहतां तिचें वेष्टण सुरेख, कोठें चीर नाहीं, डाग नाहीं. नवे पॉइंट बसवितांना तीच तार पुन्हां जोडली जाते, म्हणून पॉइंट बदलूनहि ती जुनीच राहिली होती. त्यानें चिमट्यानें तिचें एक टोंक धरून हलकेंच ओढलें. तार रबरासारखी लांबली! तांब्याची अखंड तार लांबत नसते. वेष्टणाच्या आंत तांबें तुटलेलें होतें. तुटलीं टोंकें एकमेकांना टेकून होतीं तोंवर प्रवाह जाई, आणि तबकडी फिरून तीं विलग झालीं कीं चारी सिलिंडर गप्प. थंड असतां तीं का टिकून राहत याविषयीं आमचा तर्क असा कीं, तापल्यानें वेष्टण मऊ पडून त्यांची पकड सैल होत असावी. पस्तीस वर्षें मिनिटामिनिटास वांकणाऱ्या तारेनें याहून अधिक काय करावें?

नवी तार घालतांना ती मऊ, पुष्कळ बारीक धाग्यांची असावी आणि तबकडी पूर्ण फिरली तरी ताणली जाऊं नये इतकी सैल असावी, हें त्यानें मला दाखविलें. ताठ तार घातली तर वर्षांत पुन्हां तोच प्रसंग येतो. पॉइंटचें अंतर त्यानें फिलर गेजनें पुन्हां मापलें, टायमिंग तपासलें. सामानाचे पैसे साठ रुपये झाले. मजुरी किती असें विचारतां तो म्हणाला, "वहीचे पैसे तुम्ही घेतले नाहींत, मग तारेची मजुरी मी कशी घेऊं?" मला त्या दिवशीं जें म्हणावयाचें होतें तें मीं तेथेंच, चार माणसांच्या देखत म्हटलें, कारण अपमान केला होता तोहि चार माणसांच्याच देखत. तो "असूं द्या, गुरुजी" म्हणून दुसऱ्या गाडीखालीं शिरला. मजुरी मीं त्याच्या टेबलाच्या खणांत ठेवली. ती त्यानें परत पाठविली नाहीं, याचें मला बरें वाटलें.

एप्रिलच्या खेपेस वहिनींनीं वही बरोबर घेतली होती. जातांना आणि येतांना मिळून त्या पानावर एकच शब्द आहे: निरंक. त्यानंतर त्या वहींत त्या डोळ्यांच्या औषधांच्या वेळा लिहूं लागल्या.

गॅरेजमध्यें आतां खिळ्याला एक वही टांगलेली असते. अधूनमधून अडखळणारी गाडी आली कीं तो मालकाला ती देतो आणि रकाने भरून आठ दिवसांनीं या असें सांगतो. निम्मी माणसें रागावून जातात. अलीकडेच एक जुनी पद्मिनी आली आहे. ती म्हणे केवळ उतारावर, आणि तीहि डावीकडे वळतांना अडखळते. मालकाच्या म्हणण्यावर माझ्या विद्यार्थ्याचा अद्यापि विश्वास नाहीं. वहींत तीन नोंदी झाल्या आहेत, आणि तिसरी उजवीकडच्या वळणावरची आहे.